लोरोआ बेटावरच्या तीन काठ्या

११ एप्रिल १९०५

आज लोरोआ बेटावर दोन गोष्टी आल्या. सकाळी दोर्चेचं पत्र आलं आणि दुपारी हॉलंडचं राज्य आलं.

पत्राचं आधी लिहितो, कारण ते महत्त्वाचं. माझी एकुलती एक लेक दोर्चे दोन वर्षांपूर्वी समोर मिंदानाओच्या किनाऱ्यावर दिली. जावई तोमास होड्या बांधतो. तिला आता आठवा महिना लागलाय. लिहिते, ‘बाबा, बाळंतपणाला मी घरीच येणार. मानेएच्या सणाला तोमास आपल्या होडीतून आणून सोडेल. इथली सुईण फार बोलते आणि कमी ऐकते. आणि हो, पाळणा तुम्ही करायला घेऊ नका. तुम्ही केलेलं बाक अजून डुगडुगतंय.’ पत्र चारदा वाचलं. तिची आई असती तर... असो. आज रडायचं नाही, कामं पुष्कळ आहेत.

राज्य आलं ते धुराच्या बोटीतून. हॉलंडचे अंमलदार, कंट्रोलर फान ओस्तेन साहेब उतरले. पांढरा कोट, उन्हाने लालबुंद झालेली मान, मागे चार खलाशी, एक लांब काठी आणि झेंडा. आमचे गावप्रमुख मारिसित त्यांना सामोरे गेले, आजोबांचा काळा कोट घालून, हातात चांदीच्या मुठीची छडी. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. जहाज त्यांनी जन्मात चालवलेलं नाही, पण किताब जुना आहे. साहेब मलय बोलतात, गावाला ती अर्धीमुर्धीच कळते, म्हणून दुभाषा मी. आठ वर्षं इथे शाळा चालवतोय, मी नाही तर कोण?

साहेबांचं म्हणणं असं की स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिलं तेव्हा नकाशावर एक चौकट आखली आणि लोरोआ चुकून त्या चौकटीत पडलं. “बेट दोनशे वर्षं आमचंच आहे,” साहेब म्हणाले.

कप्तानांनी मला विचारलं, “दोनशे वर्षांत साहेब कितव्यांदा आले, विचारा की.”

मी ते विचारलं नाही. काही प्रश्न मुत्सद्द्याने गिळायचे असतात.

पुढचं मात्र मलाच गिळता येईना. आजपासून पलीकडच्या किनाऱ्यावरची प्रत्येक होडी परकी. तिला त्यांच्या मनाडोच्या कचेरीतला परवाना हवा, नसेल तर आल्या वाटेने परत. परवान्याला किती दिवस? “तीन महिने,” साहेब म्हणाले, “कधी चार.” दोर्चेचं बाळ तीन महिने थांबणार आहे का?

झेंडा कुठे रोवावा हे साहेबांना कळत नव्हतं. कप्तानांनी अदबीने त्यांना खाडीतल्या वाळूच्या मधोमध नेलं, जिथे आम्ही जाळी टाकतो तिथे. “इथे लावा साहेब, सगळ्यांना दिसेल.” साहेब खूश. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, बेट पूर्वीपासून हॉलंडचं आहे असं गावाचं लेखी निवेदन तयार ठेवा, मे महिन्यात येतो. मनाडोच्या मोठ्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होतेय, हेही सहज म्हणून सांगितलं.

मनाडो! पण दोर्चेच्या होडीचं काय?

१२ एप्रिल

आज वाळूवर कोणीही नाही. एक जाळं नाही, एक माणूस नाही. फक्त झेंडा आणि त्याच्याभोवती खेकडे.

कारण विचारायला गावआई सारोताकडे गेलो. समुद्र कधी बंद, कधी उघडा हे ती ठरवते. तिच्यासमोर कप्तानसुद्धा उभेच राहतात. दर वर्षी खाडीच्या उत्तरेकडच्या खडकांवर ती तीन महिने बंदी घालते. काठी रोवायची, तिला नारळाची कोवळी पात बांधायची, की तिथून कोणी मासाच काय, शिंपलासुद्धा उचलत नाही. मे महिन्यात सर्वांत मोठ्या ओहोटीच्या दिवशी बंदी उठते. सगळं गाव पाण्यात उतरून वेलींचा आणि नारळाच्या पातींचा दोर ओढतं, मासे किनाऱ्याला येतात, आणि सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. तो दिवस मानेए.

“आई, लोक मासे धरायला का गेले नाहीत?”

“वाळूवर बंदी आहे.”

“बंदी खडकांवर आहे. वाळूवर झेंडा आहे.”

“काठी आहे?”

“आहे.”

“तिला काही बांधलंय?”

“झेंडा बांधलाय.”

“आणि किनाऱ्यावर रोवलीय?”

“रोवलीय, पण...”

“मग शाळेत तू शिकवतोस तरी काय रे?”

राज्य म्हणजे काय, राणी म्हणजे काय, झेंडा म्हणजे काय, सगळं मी तिला समजावलं. ती अळकुड्या सोलत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “ज्याने घातली त्यानेच उठवायची. साहेब आला की सांग त्याला.” आठ वर्षांची माझी मेहनत पाण्यात गेली. फार भोळी माणसं आहेत. मला त्यांची दया येते.

१५ एप्रिल

आताशा होड्या खाडीच्या तोंडातून बाहेर जातात आणि खोल समुद्रात मासे धरतात. मिळतात थोडेच. बाकी अळकुड्या.

२३ एप्रिल, ईस्टर

प्रार्थना मीच घेतली. बोललो पुनरुत्थानावर, डोक्यात होता परवाना.

दुपारी कप्तानांकडे जेवण होतं. टेबलावर लाल-पिवळ्या पट्ट्यांचं जुनं कापड अंथरलेलं. म्हणाले, “स्पेनचा झेंडा. वडिलांच्या वेळी कोणी तरी देऊन गेलं. कापड चांगलं आहे, कितीही धुवा, रंग जात नाही.” आणि त्यावर डुकराच्या मांसाचं ताट ठेवलं. झेंडा म्हणजे काय हे या माणसाला कळायला अजून शंभर वर्षं लागतील.

जेवता जेवता विचारत होते, “गुरुजी, दोर्चे मानेएलाच येणार ना? नक्की? आधी नाही, नंतर नाही?” माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी. म्हातारं माणूस मायाळू आहे, हे मात्र खरं.

२७ एप्रिल

आज अमेरिका आली.

मेजर व्हिटकर. ताडमाड उंच. उतरल्या उतरल्या सगळ्यांचे हात धरून हलवले, माझा दोनदा. मिंदानाओच्या बाजारात शिकलेली मलय बोलतात, त्यामुळे राज्यकारभाराचं बोलतानाही मासे महाग झाल्यासारखं वाटतं. हॉलंडचा झेंडा पाहून त्यांनी टोपी काढली, आणि टोपी काढूनच त्यांच्या भाषेत काही तरी म्हणाले. ते मला कळलं नाही हे बरं झालं.

“हा इथे कसा?”

कप्तान म्हणाले, “एक साहेब रोवून गेले.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“पाहुण्याला काय बोलायचं साहेब? तुम्हालाही बोलणार नाही.”

मेजरनी नकाशा पसरला. तीच चौकट, तेच बेट, फक्त या वेळी चूक दुसऱ्याची. त्यांच्या राज्यात मिंदानाओच्या होड्या खुशाल याव्यात, पण दक्षिणेकडच्या बेटांवरून येणाऱ्यांना दाखला लागेल. ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? दोर्चे पलीकडूनच येणार. मग आठवलं की कप्तानांच्या दोन्ही सुना दक्षिणेच्या, माझा सख्खा भाऊ दक्षिणेला, निम्म्या गावाचं माहेर दक्षिणेला आणि निम्म्याचं उत्तरेला. कोणीही जिंको, समुद्रात भिंत पडणार. ती या अंगाला की त्या, एवढाच वाद.

मेजरनाही निवेदन हवंय. मला पाट्या, बाकं आणि पत्र्याचं छप्पर असलेली शाळा देऊ म्हणाले. बाकं तयार मिळणार, ही गोष्ट दोर्चेला आवडेल.

झेंड्याची जागा कप्तानांनीच दाखवली. खाडीच्या तोंडाशी, होड्यांच्या वाटेवरचा वाळूचा उंचवटा. “इथे लावा साहेब. होडीने येणाऱ्याला आधी तुमचाच दिसेल.” मेजर इतके खूश झाले की कप्तानांच्या पाठीत थाप मारली. म्हातारा खोकत बसला. सगळ्यांना खूश ठेवायचं या वयात जमत नाही, पण ऐकतो कोण?

२८ एप्रिल

मी मूर्ख आहे. काल लक्षात यायला हवं होतं. होड्यांच्या वाटेवर काठी, काठीला कापड. आज सगळ्या होड्या वाळूवर पालथ्या.

म्हणजे आता कोणी बाहेर जाणार नाही आणि कोणी आत येणार नाही. दोर्चेसुद्धा. तोमास आमच्याच रिवाजातला, काठी दिसली की तो होडी आत घालणार नाही.

धावत गावआईकडे गेलो.

“आई, दोर्चे यायचीय. तिचे दिवस भरत आलेत!”

“माहितेय. माझ्याच हातावर व्हायचंय ना बाळंतपण.”

“मग ती वाट तरी उघड!”

“मी घातली का ती बंदी? तिन्ही बंद्या एकाच दिवशी उठतील. मानेएला. ज्यांनी घातल्या त्यांनी उठवायच्या, सगळ्यांदेखत, दोराला हात लावून.”

तिन्ही एकाच दिवशी उठायला हव्यात हा नियम आठ वर्षांत मी ऐकला नव्हता. पण मी पडलो बाहेरचा. त्यांच्या जुन्या गोष्टी मला कुठून माहीत असणार?

“आणि साहेब आलेच नाहीत तर?”

“येतील. आपली म्हटलेली वस्तू बघायला माणूस येतोच.”

१ मे

अळकुड्या.

६ मे

बाया दोर वळतायत. पाहून आलो. दर वर्षीपेक्षा दुप्पट लांब आहे. म्हटलं, खाडी तेवढीच, मग दोर एवढा कशाला? एक म्हणाली, “गुरुजी, यंदा पाव्हणे जास्त आहेत.” हिशेब शिकवला नाही की असं होतं.

९ मे

निवेदन लिहून काढलं. चार पानं. दोन्ही साहेबांना दुखवायचं नाही, पुन्हा गावाचं गाऱ्हाणंही मांडायचं, अशी तारेवरची कसरत. इतकी सुंदर मलय मी आजवर लिहिली नव्हती. ‘उभय प्रतापी सत्तांच्या शीतल छायेत’ हे वाक्य तर मला स्वतःलाच फार आवडलं.

कप्तानांना वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर त्यांचा डोळा लागला. जागे होऊन विचारतात, “कागद केवढा असला म्हणजे खरा धरतात?”

“लांबीवर नसतं ते कप्तान. सह्या लागतात.”

“दोघांच्या सह्या एकाच कागदावर चालतात?”

“चालतात, पण ते दोघं एकाच गोष्टीवर सही करणार कसे?”

“तेही खरंच,” म्हणाले आणि कान खाजवत बसले. मग म्हणे, मानेएच्या दिवशी बंदी उठवणारा जे तोंडाने म्हणतो, तेवढंच लिहा. तीन ओळी. मी रागाने तीनच ओळी लिहिल्या: ‘ही बंदी मी घातली. ती मीच उठवतो. ज्याने दोर धरला त्याला, तो कुठल्याही किनाऱ्याचा असो, ही वाट कायमची मोकळी.’ कप्तानांनी कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. माझी चार पानं टेबलावरच राहिली. साहित्याची कदर नाही.

१४ मे

आज जे केलं ते इथे लिहितो, म्हणजे पुन्हा करणार नाही.

भर दुपारी सगळे झोपले होते. होड्यांच्या वाटेशी गेलो आणि मेजरच्या काठीला दोन्ही हात घातले. उपटायची, समुद्रात टाकायची, आणि वाऱ्याने गेली म्हणून सांगायचं. आठ वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्यात. पण डोळ्यांसमोर दोर्चे होती, वाटेबाहेर, होडीत, कळा देत. काठी पक्की होती. दोनदा ओढली, हलली नाही. मग मागे कोणी खोकलं.

कप्तान. छडी टेकत उभे.

“गुरुजी, सावलीला आलात वाटतं?”

काठीची सावली माझ्या बोटाएवढी होती. मी रडायला लागलो. त्यांनी मला बसवलं, शहाळं दिलं. म्हणाले, “काठी राहू द्या. तिच्याशिवाय साहेब कशाला उतरतील पाण्यात? पाच दिवस कळ काढा. आमचीही लेक आहे ती.”

माझ्या समजुतीसाठी बोलत होते. पण बरं वाटलं.

१७ मे

दोन्ही बोटी एकाच सकाळी. दोघांनी एकमेकांना दुर्बिणीतून पाहिलं, मग किनाऱ्यावर उतरून इतक्या गोड आवाजात रामराम केला की माझ्या अंगावर काटा आला. आपसांत इंग्रजीत बोलतात. त्यातलं मला फक्त ‘नो’ कळतं, आणि तेच जास्त होतं.

दुपारी कंट्रोलर साहेब वाळूवर गेले आणि हर्षाने वेडे व्हायचे बाकी राहिले. “महिनाभर इथे कोणी जाळं टाकलं नाही? माझ्या झेंड्यासाठी? गुरुजी, पस्तीस बेटं पाहिली, अशी राजनिष्ठा कुठे नाही!” लगेच वहीत उतरवून घेतलं.

तासाभराने मेजर. “तीन आठवडे एकही होडी इथून गेली नाही? न सैनिक, न तोफ, नुसत्या झेंड्यावर? सरकारला हेच लिहितो!” त्यांनीही लिहून घेतलं.

दोघांच्या वहीत एकच वाक्य. मी दोघांनाही ‘होय साहेब’ म्हणालो, कारण दोन्ही वेळा ते खरं होतं.

संध्याकाळी कळलं की कप्तानांनी दोघांनाही वेगवेगळं गाठून सांगितलंय, ‘परवा मानेए. दोराचं टोक बेटाच्या धन्याने धरायचं असतं.’ दोघांनाही तेच! म्हातारपणी विसर पडतो. आता परवा दोघंही टोक धरायला येणार आणि तमाशा होणार. दोर्चेचा पत्ता नाही.

१९ मे, मानेए

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

पहाटेच शीड दिसलं. तोमासची होडी! खाडीच्या तोंडाबाहेर येऊन थांबली, काठीच्या पलीकडे. वारा आमच्याकडे होता, म्हणून तोमासचं ओरडणं ऐकू आलं. “कळा सुरू झाल्यात! रात्रीपासून!”

ओहोटी लागली होती. सगळं गाव किनाऱ्यावर, दोर तयार. आधी कागद. कप्तानांनी आतल्या खिशातून काढून दिला, मी मोठ्याने वाचला. मला वाटलं, आता दोघं मिळून फाडणार. कंट्रोलर साहेबांनी ‘ही बंदी मी घातली, मीच उठवतो’ एवढं ऐकलं आणि हसून मेजरकडे पाहिलं, कारण बंद करणं आणि उघडणं हे धन्याचंच काम. सही केली. मेजरनीही नेमकं तेच ऐकलं, तसेच हसले, आणि कंट्रोलर साहेबांच्या सहीपेक्षा मोठी सही केली. तिसरी ओळ दोघांनी ऐकलीच नसावी.

मग गावआईने आपल्या काठीची पात सोडून दोराला बांधली. “आता तुमचं कापड.” कंट्रोलर साहेब ताठ झाले. झेंडा दोराला? कधीच नाही. कप्तान हळूच म्हणाले, “जशी मर्जी साहेब. पण ज्याचं कापड दोरावर, तोच दोराचा धनी.” हे मी भाषांतरित केलं मात्र, दोघंही आपापल्या काठीकडे पळाले.

झेंडे बांधून झाले. आता पाण्यात उतरायचं, तर आधी कोण? कंट्रोलर साहेब म्हणाले, यजमान म्हणून आधी ते. मेजर म्हणाले, यजमान ते स्वतः. कोणी आधी पाय टाकला तर वहीत काय लिहायचं, कोणाच्या उजव्या हाताला कोण, खलाशांनी सलामी कधी द्यायची! बूट घालून दोघं वाळूवर उभे आणि तिकडे होडीतून माझ्या पोरीची किंकाळी आली.

मोठ्या माणसांवर मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. पण आज मी ओरडलो, तिसरीच्या वर्गावर ओरडतो तसा, सबंध खाडीला ऐकू जाईल असा. “बूट काढा! दोघांनीही! बडबड बंद! एकाच वेळी उतरायचं, उजवा पाय आधी! चला!”

मला वाटलं, आता तुरुंग. आणि काय सांगू, कंट्रोलर साहेब मुकाट्याने खाली बसले आणि बूट काढू लागले. मेजरांचा एक बूट निघेना, तो गावआईने ओढला. “एक, दोन!” दोघं एकदम पाण्यात.

सगळं गाव त्यांच्यामागे. दोर पसरत गेला, खाडी भरली तरी उरला, आणि उरलेलं टोक चार जणांनी पोहत होड्यांच्या वाटेतून बाहेर नेलं. तेव्हा कळलं दोर एवढा लांब कशाला ते. केवढं नशीब! तोमासने टोक पकडलं आणि वाकून दोर्चेच्या हातात दिलं. पांढरीफटक, केस चिकटलेले, पण तिने तो असा घट्ट धरला, जसा लहानपणी माझा अंगठा धरायची.

गावआई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडली, “धरला! पाहिलं ना सगळ्यांनी? साहेब, तुम्ही पाहिलंत? धरला!”

दोन्ही साहेबांनी दमलेल्या माना हलवल्या. होडी आत आली.

मासे किती आले मला माहीत नाही, मी पाहिले नाहीत. दुपारी गावआई बाहेर आली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

२१ मे

मासे खाऊन सगळं गाव सुस्त. झेंडे कप्तानांच्या बायकोने धुवून एकाच दोरीवर वाळत घातलेत. कप्तानांनी सुचवलं, पुन्हा लावायचे तर डोंगरावर लावा, तिथे वारा चांगला. दोघांनाही पटलं. डोंगरावर मासे नसतात, त्यामुळे लोकांची अडचण नाही.

कागदाच्या तीन प्रती मी केल्या, तिन्हींवर दोघांच्या सह्या घेतल्या. एक कंट्रोलर साहेबांनी बेट आपलं असल्याचा पुरावा म्हणून नेली, एक मेजरांनी तशीच, आणि तिसरी कप्तानांच्या खिशात. आता दोन्ही सरकारं तो कागद एकमेकांना दाखवून वर्षानुवर्षं भांडतील. भांडोत बिचारी. पण होडी अडवली तर स्वतःचाच पुरावा खोटा ठरेल, हे आज सकाळी माझ्या लक्षात आलं. धावत जाऊन कप्तानांना सांगितलं. ते म्हणाले, “असं होय? गुरुजी, तुमचं डोकं म्हणजे डोकं!”

जाण्याआधी कंट्रोलर साहेब बाळ पाहायला आले. ही कोणाची प्रजा, असं त्यांनी विचारलं. गावआई म्हणाली, “आधी तिला दूध पिऊ द्या.” मुख्याध्यापकाच्या जागेचं ते काही बोलले नाहीत, शाळेचं मेजरही बोलले नाहीत. दोघंही माझ्याशी बोलताना आता थोडे बिचकतात.

नाव सारोता ठेवलं.

२ जुलै

दोर्चे आज गेली.

मला वाटत होतं ती राहील. तसं ती कधी म्हणाली नव्हती, मीच ठरवून टाकलं होतं. पाळणाही केला होता. डुगडुगत होता, पण त्यात सारोता झोपायची. तोमास परवा आला, त्याचं घर तिकडे, काम तिकडे. मी म्हटलं, पावसाचे दिवस आहेत. दोर्चे म्हणाली, “बाबा, आकाश बघा.” आकाश स्वच्छ होतं.

किनाऱ्यावर गावआई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “वाट उघडा म्हणून साहेबांवर खेकसलास तो तूच ना? मग आता डोळे कशाला पुसतोस?”

“वारा लागतोय.”

“वारा पाठीमागून आहे, गुरुजी.”

मी पाण्यात उतरलो आणि होडीला धक्का दिला. दोर्चेने वाकून माझा अंगठा घट्ट दाबला, मग सोडला. पाळणा तिने सोबत नेलाय. त्याचे पाय घासून घेईन म्हणाली. होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली, कोणी काही विचारलं नाही. शीड दिसेनासं झालं तरी मी हात हलवतच होतो, शेवटी कप्तानांनी येऊन तो धरून खाली केला.